पायरीचं भांडण

भालचंद्रराव, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, भाड्याच्या खुर्च्याही परत गेल्या. आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही.

तुम्ही होतात तोवर भांडता आलं नाही. मी पडलो मुलीकडचा. आमची सुप्रिया तुमच्या घरी सून म्हणून गेली त्या दिवशीच आमच्या हिने मला बजावलं होतं, "व्याह्यांपुढे आवाज चढवायचा नाही, पोरीला तिथे नांदायचंय." तेव्हापासून तुमच्या शेडमध्ये तुम्ही काहीही बोललात तरी मी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत आलो, आणि चांदीपहून बोळिंजला घरी येताना वाटभर स्कूटरवर एकटाच तुमच्याशी भांडत आलो. चंदनसारच्या गर्दीत शेजारचे रिक्षावाले हेल्मेटमध्ये बडबडणाऱ्या या म्हाताऱ्याकडे वळून बघायचे. त्या रस्त्यावर मी तुम्हाला कितीदा निरुत्तर केलंय, तुम्हाला पत्ता नाही.

विषय तोच. पायरी.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. दोन म्हातारे व्याही भाताच्या शेतातल्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधतात, आणि त्यात चढायला पायरी असावी की नसावी यावर त्यांचं वर्षानुवर्षं एकमत होत नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तसं झालंय. पंख तयार आहेत, इंजिन बसलंय, वरची काच बसलीय. फक्त सीटमागच्या फरशीचा पत्रा अजून उघडा आहे. तो एकदा रिव्हेटच्या खिळ्या मारून बंद केला की पायरीची नळी आतून धरायला जागा राहत नाही. मग पायरी लावायची तर केलेलं काम फोडावं लागणार. म्हणूनच तुम्ही तो पत्रा बंद करायची घाई करत होतात आणि म्हणूनच मी रोज दुसरं काहीतरी काम काढत होतो. तुमच्या ओळखीचे ते रिटायर्ड वैमानिक विमान बघायला येणार आहेत, त्याआधी फरशी बंद व्हायला हवी. म्हणजे काय ते तेव्हाच ठरवायचं होतं, आणि तुम्ही असे मधेच उठून गेलात.

तुमची-माझी खरी ओळख व्याहीभेटीत झाली. रीतीप्रमाणे दोन्ही व्याह्यांनी गळाभेट घ्यायची, टोपी-उपरणं द्यायचं, फोटोवाल्याकडे बघून हसायचं. तुम्ही मला मिठी मारलीत आणि सगळ्या मांडवासमोर जमिनीवरून चक्क उचललंत. माझी एक चप्पल खाली पडली. सगळा मांडव हसला. मला राग आला होता, पण तो दाखवायची सोय नव्हती. पुढे कळलं की ही तुमची खोडच आहे. नातवंडं असोत, भाताची गोणी असो, विहिरीकडे निघालेलं वासरू असो, समोर दिसेल ते तुम्ही उचलणार. हँगरमध्ये विमानांची कामं करून परत घरी येऊन शेती बघणारी तुमची ती पाठ होती, तिला उचलल्याशिवाय चैन पडायचं नाही.

लग्नात मानपान म्हणून तुम्ही काही घेतलं नाहीत, हे मी मान्य करतो. "आमी काय वरचे नाय, तुमी काय खालचे नाय," असं तुम्ही बैठकीतच सांगितलं होतंत, आणि ते ऐकून आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण लग्नात सोडलेला तो सगळा मान तुम्ही पुढे शेडमध्ये व्याजासकट वसूल केलात.

आणि शेडमध्ये मला ओढलंत तेही तुम्हीच. बसगाड्यांच्या वर्कशॉपातून मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बाकावर बसून असायचो. पाण्याच्या टँकरवरून चाललेली सोसायटीची भांडणं ऐकायची, पेपरातली तीच पानं परत वाचायची, एवढाच उद्योग. तुम्ही एकदा सुप्रियाला माहेरी सोडायला आलात, मला त्या बाकावर बघितलंत आणि म्हणालात, "चला, पत्रा धरायला मानूस पायजे." एवढंच. मी पत्रा धरायला आलो तो धरतच राहिलो. तुम्ही मला त्या बाकावरून उठवलं नसतंत तर मी तिथेच वाळून गेलो असतो. हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही मला पुन्हा उचललं असतंत.

पण तुमचं ते वजनाचं वेड! तुमच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. स्क्रूचं टोक जरा बाहेर आलं की कापा. रंगाचा दुसरा हात नको. सीटची गादी पातळ करा. माझं एक पेन एकदा शेपटाच्या पोकळीत घरंगळलं, तर ते शोधायला तुम्ही मला पोटावर सरपटत आत पाठवलंत आणि बाहेरून म्हणालात, "पेनाला पन वजन असतं, अनंतराव." मग दुपारी विहीणबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढायच्या, आणि तुम्ही शर्टाचं खालचं बटण सोडून जेवायचात. विमानाच्या दोन बाजूंच्या दोन्ही पायऱ्यांचं मिळून वजन तुमच्या त्या पोटापुढे काय होतं? हे वाक्य कितीदा माझ्या जिभेवर येऊन परत गेलं. आज म्हणून टाकतो. बरं वाटलं.

वजन नसेल तर हवा. "ही बस नाय, अनंतराव. पायरी बाहेर लोंबनार, हवा तिला धरनार. हवा फुकट कोनाला सोडत नाय." मला हवा कळत नाही, हे तुम्ही मला सतत जाणवून दिलंत. मला बस कळते. बसची पायरी थोडी उंच झाली की काय होतं ते मी डेपोत उभं राहून जन्मभर बघितलंय. बाई आधी पिशवी आत ठेवते, मग निऱ्या सावरते, मग आपल्याकडे कुणी बघत नाही ना ते बघते. तेवढ्यात मागून कुणीतरी "चला आजी" म्हणत तिला दंडाला धरून वर ढकलतो. माणूस भला असतो, पण बाईचा चेहरा पडतो. तो चेहरा मला बघवत नाही. माझं पायरीचं शास्त्र एवढंच, आणि ते तुमच्यापुढे मांडायला गेलो की तुम्ही "ही बस नाय" म्हणून मोकळे.

तुमचा पहिला तोडगा आठवतो? विहीणबाईंचा पूजेचा चौरंग. पंखाची मागची कड गुडघ्याच्या वर येते, मग चौरंग ठेवला की झालं, असं म्हणून तुम्ही तो घरातून उचलून आणलात आणि वर पाय ठेवणार तेवढ्यात विहीणबाई दारात. "सत्यनारायन बसतो त्याच्यावर, आनि तुमी पाय ठेवता?" त्यांनी चौरंग नेला, धुतला, उन्हात ठेवला. पुढे बरेच दिवस तुमचा चहा शेडमध्ये आला नाही. माझा मात्र येत होता.

मग तुम्ही ॲल्युमिनियमचं स्टूल केलंत. सुंदर केलंत, तुमच्या हाताला तोड नव्हती. त्यावरून माणूस पंखावर गेला, आत बसला, आणि स्टूल राहिलं खाली. "आता हे कोण उचलणार?" मी विचारलं. तुम्ही थोडा विचार केलात आणि स्टुलाला दोरी बांधलीत. आत बसल्यावर दोरीने स्टूल वर ओढायचं आणि सीटमागे ठेवायचं, कारण जिथे उतरायचं तिथेही ते लागणारच. ओळखीच्या वर्कशॉपात नळी वाकवून दोन पायऱ्या मी आधीच करून आणल्या होत्या, त्या भाताच्या काट्यावर ठेवल्या आणि मग त्याच काट्यावर तुमचं स्टूल ठेवलं. स्टूल जड निघालं. तुम्ही काट्याकडे बघितलंत, त्याला एक चापट मारलीत आणि म्हणालात, "काटा जुना झालाय."

त्या पायऱ्या तुम्ही भिंतीवरच्या खुंटीला टांगल्यात आणि त्यांवर फडकी वाळत घालायला लागलात. रोज आल्या आल्या मला ती फडकी दिसायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मला त्या शेडमध्ये कळलं.

फ्लॅपचंही सांगून टाकतो. पंखाच्या मागच्या कडेला तो पातळ पत्र्याचा फ्लॅप असतो, त्यावर चुकूनही पाय द्यायचा नाही, हे तुम्ही मला अगदी पहिल्या दिवशी बजावलं होतंत. आणि त्यावर पाय कुणी दिला? स्टूल कलंडलं आणि तुमचा सगळा भार फ्लॅपवर. पत्रा आत गेला. पायरी असती तर हे झालं नसतं, असं मी म्हटलं नाही. मी फक्त खुंटीकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "ही चप्पल बाद झाली," आणि दुसऱ्या दिवशी नवी चप्पल घालून आलात. तो फ्लॅप सरळ करायला आपले किती दिवस गेले ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्या सगळ्या दिवसांत तुम्ही चपलेलाच शिव्या घातल्यात.

एवढं असूनही तुमच्याबरोबर काम करण्यासारखं सुख नव्हतं. रिव्हेट मारायला दोघं लागतात. एकाने बाहेरून हवेची बंदूक धरायची, दुसऱ्याने आत अंग दुमडून बसायचं आणि लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या मागे दाबून धरायचा. मधे पत्रा असतो, एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजाने काही ऐकू येत नाही. म्हणून आतल्याने पत्र्यावर टकटक करायची ही तुमची हँगरातली रीत. एक टकटक म्हणजे झालं, पुढचा घ्या. दोन म्हणजे अजून दाबा. तीन म्हणजे बिघडला, काढा. आत बहुतेक वेळा मीच असायचो, कारण तुम्ही मावत नव्हतात. आपलं बोलून कधी इतकं एकमत झालं नाही जितकं त्या पत्र्याच्या दोन बाजूंना न बोलता झालं.

ती टकटक पुढे शेडबाहेरही आली. जेवताना मी काही पटवून द्यायला लागलो की तुम्ही ताटाशेजारी बोटाने दोनदा वाजवायचात. अजून दाबा, पटलं नाही. राजकारण असो, नातवाची शाळा असो, आमच्या सोसायटीचं पाणी असो, कधीतरी तुमची एक टकटक मिळायची आणि मी घरी येऊन हिला सांगायचो. पायरीवर मला ती कधीच मिळाली नाही.

आपलं शेवटचं बोलणंही त्यावरच झालं. मी सहज विचारलं होतं, त्या रिटायर्ड वैमानिकांनी एकट्याने विमान उडवून बघितल्यावर शेजारच्या सीटवर पहिलं कोण बसणार. मला वाटलं तुम्ही 'मी' म्हणाल. तुम्ही म्हणालात, "आमची बाई."

"आणि तुम्ही?"

"मी खाली उभा राहून बघनार. आख्खा जन्म विमानं खालूनच बघितली. सवय हाय."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण लगेच माझ्यातला बसवाला जागा झाला. "त्यांना ओटा चढताना गुडघे दुखतात. त्या पंखावर चढणार कशा?"

"मी उचलून बसवीन की," तुम्ही म्हणालात, जणू काही मी फारच सोपा प्रश्न विचारला.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि तुम्ही नसाल तेव्हा? पण असं अभद्र व्याह्यांना कोण म्हणेल? मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं," आणि स्कूटर काढली. ते वाक्य मी तुम्हाला रस्त्यावर ऐकवलं, चंदनसार येईपर्यंत, निरनिराळ्या आवाजांत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. वादातून सुटायची ही काय पद्धत झाली?

तुम्हाला खांदा दिला. सगळ्यांना उचलत हिंडणाऱ्या माणसाला आम्ही उचललं आणि तुमचं वजन मला कळलं. ते फार होतं. चालताना मनात 'अरे भालचंद्रा' असं एकेरी आलं, जे तुमच्यापुढे कधीच आलं नव्हतं. मी रडलो, तुमच्या मुलापेक्षा, रोहनपेक्षाही जास्त. हा मुलीकडचा माणूस एवढा कशाला रडतोय, असं गावातल्या कुणाकुणाला वाटलं असेल. वाटू दे.

आता गंमत ऐका. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी जावईबापूंना म्हटलं, फरशी बंद करायच्या आधी पायरीचं ठरवायला हवं. रोहन म्हणाला, "बाबांना पायरी नको होती ना, मग नको. जसं ते बोलले तसंच ठेवू." बोलताना तो तुमच्या फोटोकडे बघत होता. त्याच्याशी काय वाद घालणार? तुम्ही जिवंत होतात तेव्हा तुमच्या मताला मी निदान मनातल्या मनात तरी आडवा जायचो. आता तुमचं मतही तुमच्या फोटोशेजारी हार घालून बसवलंय. जिवंत हट्टी माणूस परवडला, पण गेलेल्या हट्टी माणसापुढे कुणाचं काही चालत नाही.

तरी मी शेडमध्ये गेलो, बॅटरी घेतली आणि उघड्या फरशीतून आत डोकं घातलं. खरं सांगतो, माझ्या मनात एक वेडी आशा होती. गोष्टींमध्ये असतं ना तसं, की वरून नाही नाही म्हणणाऱ्या माणसाने आत गुपचूप पायरीच्या आधाराची पट्टी लावून ठेवलेली असते आणि ती बघून मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी कोपरान् कोपरा बघितला. पट्टी नव्हती, भोक नव्हतं, पेन्सिलीची खूणसुद्धा नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत तुमच्या मताशी प्रामाणिक राहिलात. मला इतका संताप आला की तिथेच आत मी तुमच्या नावाने ओरडलो.

"कोनावर ओरडता, भाऊ?"

विहीणबाई चहा घेऊन उभ्या होत्या. मी आतून बाहेर आलो, डोक्याला जाळ्या लागलेल्या.

"व्याह्यांवरच," मी म्हटलं. "पायरीवरून."

त्यांनी चहा स्टुलावर ठेवला. "मग लावायची का नाय?"

"त्यांना नको होती ना."

"त्यांना कुठं चढायचं होतं?" विहीणबाई म्हणाल्या. "ते खाली उभं राहनार होते. चढनार मी. मला कोनी विचारलं?"

भालचंद्रराव, काखेत कळसा नि गावाला वळसा. आपण भाताच्या काट्याला विचारलं, हवेला विचारलं, विमानाचे नकाशे उलटेसुलटे करून बघितले, आणि रोज दोन वेळा चहा घेऊन येणाऱ्या बाईला एकदाही विचारलं नाही, तुम्हाला चढायला काय हवं? मीसुद्धा विचारलं नाही, बसची पायरी कळणाऱ्याने.

"ते तुम्हाला उचलून बसवणार होते," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. मला पन सांगितलं होतं. मी बोलले, चार लोकांत मला हात लावाल तर मी तशीच घरी जाईन. मी काय भाताची गोनी हाय उचलायला?" एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "उगाच बोलले. उचलायचं होतं तर उचलू द्यायचं होतं."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी एका बाजूने सांगत होतो, त्या दुसऱ्या बाजूने सांगत होत्या, आणि तुम्ही दोघांनाही नाही म्हणत होतात. हे वजन नव्हतं आणि हवाही नव्हती. तुम्हाला त्यांना उचलायचं होतं, बस्स. हँगर आणि शेत यांत तुमचा जन्म गेला, बायकोला कुठे नेलं नाहीत, आणि शेवटी एकदा सगळ्यांसमोर आपल्या हातांनी उचलून तिला आकाशाकडे द्यायचं होतं. हे एकदा माझ्याजवळ बोलला असतात तर मी पायरीचं नावसुद्धा काढलं नसतं. मी स्वतः त्या पायऱ्या भंगारात टाकून आलो असतो. पण नाही. तुम्ही मला हवा शिकवत बसलात.

मी विहीणबाईंना म्हटलं, "आता सांगा, कशी हवी?"

त्या विमानाजवळ गेल्या, एका हाताने कड धरली आणि दुखत नाही तेवढाच पाय वर केला. फार वर गेला नाही. मी वाकून त्यांच्या तळव्याखाली पत्र्यावर खडूने रेघ मारली. नकाशातल्या खुणेपेक्षा ती बरीच खाली आली. म्हणजे नळी लांब करावी लागणार, म्हणजे वजन जास्त, म्हणजे हवेत लोंबणार जास्त. तुमच्या जिवाचं काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. तरी मी ती रेघ दुसऱ्यांदा गडद केली आणि खुंटीवरची एक पायरी नळी लांबवून आणायला वर्कशॉपात नेली.

रोहनला त्यांनीच सांगितलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण तो शर्टाच्या बाह्या वर करतच शेडमध्ये आला आणि मला म्हणाला, "पप्पा, बंदूक कशी धरायची?" मी आत जाऊन बसलो, ठोकळा घेतला. विहीणबाई तुमच्या स्टुलावर बसल्या. पहिला रिव्हेट झाला, मी सवयीने आतून दोनदा वाजवलं आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, "अजून दाब, रोहन. दोन वाजले." रोहनने विचारलं, तुला कसं माहीत? "घरातून ऐकते ना इतकी वर्षं. तीन वाजले की मला कळायचं, आज जेवायला दोघांची तोंडं वाकडी." आतल्या अंधारात मी हसलो आणि ठोकळा पुन्हा रिव्हेटच्या मागे दाबला.

पायरी एकच लावली आहे, विहीणबाईंच्या बाजूची. वैमानिक उडी मारून चढू देत. दुसरी खुंटीला आहे तिथेच आहे, फडकी वाळत घालायला. तुमचाही मान राहिला पाहिजे.

काल विहीणबाई चढून बघायला आल्या. चपला खाली काढून ठेवल्या, वाकून पायरीला हात लावला आणि कपाळाला लावला. मग पाय ठेवला. मी मागे दोन्ही हात पुढे करून उभा होतो, त्यांनी न वळता म्हटलं, "हात खाली करा, भाऊ." मी खाली केले. त्या पंखावर गेल्या, कड धरून सावकाश आत उतरल्या आणि सीटवर बसल्या. समोर शेडचं दार उघडं होतं आणि दाराबाहेर तुमचं शेत होतं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

मग आतून टकटक आली. एक.

मी तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांची सवय, दुसरी येणार असं गृहीत धरलेलं. दुसरी आली नाही.

संध्याकाळी चांदीपहून निघालो. चंदनसारला नेहमीसारखी गर्दी होती, शेजारी रिक्षा थांबल्या होत्या. बोळिंज येईपर्यंत मी हेल्मेटमध्ये एक शब्द बोललो नाही.